जुन्या मोटारीचा रास्त भाव

ठाण्याहून मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून पनवेलकडे निघाले, की शीळ गावापाशी वाटा फुटतात. एक कल्याण-डोंबिवलीला जाते, एक डोंगर ओलांडून महाप्याकडे उतरते, आणि एक सरळ पनवेलला. या ठिकाणाला लोक शीळफाटा म्हणतात. वाशीचा खाडीपूल १९७३ साली वाहतुकीला खुला झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याला मोटारीने जायचे म्हणजे ठाणे, मुंब्रा, शीळ, पनवेल हीच वाट. तेव्हा मोटारगाडी ही काही या गावाला नवी वस्तू नव्हे.

आज कल्याण-शीळ रस्त्याने जाताना कडेला गॅरेजे दिसतात, टायरची दुकाने दिसतात आणि जुन्या गाड्या विकणारेही दिसतात. कधी त्यांत एखादी अशी मोटार उभी असते, की येणारा-जाणारा वळून पाहतो. बुटकी, रुंद चाकांची, भडक रंगाची. मूळची ती स्पोर्ट कार; वर मालकाने हौसेने तिचे निम्मे अंग बदललेले. मालक सांगतो, "गाडीवर साडेतीन लाख वेगळे घातलेत. ते सोडून कसे चालतील?" घेणारा तरुण असतो. चार वर्षांची शिल्लक आणि वर थोडे कर्ज, एवढे त्याच्याजवळ असते. अशा गाडीचा रास्त भाव ठरवायचा कसा?

प्रश्न नव्या काळातला वाटतो, पण तो फार जुना आहे. वापरलेली आणि मधल्या मालकाने बदललेली वस्तू घेताना माणूस नेहमीच साशंक असतो. त्या शंकेवर आपल्या लोकांनी वेळोवेळी काय उपाय काढले, याचाच इतिहास आज थोडक्यात पाहू.

आपल्या शेतकरी श्रोत्यांना पहिला धडा सांगायला नकोच. मुरबाड तालुक्यात म्हसे येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. तिथला बैलबाजार नावाजलेला. बैल घेणारा प्रथम काय करतो? जबडा उघडून दात पाहतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, यावरून वय कळते. मग खांदा पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि जमल्यास जुंपूनही पाहतो. कारण विकणाराही काही कच्चा नसतो. शिंगे साळून, तेल लावून, गोंडे बांधून त्याने बैलाला नवरदेव केलेला असतो. जाणता गडी गोंड्यांचे पैसे देत नाही. गोंडे सोडवले की खाली जे उरते त्याचा तो भाव करतो.

परंतु जुन्या बाजारात एक मोठी खोड होती. दलाल हातावर रुमाल टाकीत आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. याला हत्ता पद्धत म्हणत. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारातही हीच रीत. आपला माल कोणत्या भावाने गेला, हे पुष्कळदा शेतकऱ्याला कळतसुद्धा नसे. यावर उपाय म्हणून वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा आला आणि महाराष्ट्र राज्याने १९६३ साली आपला कायदा केला. या सगळ्यांचे सार एका वाक्यात सांगता येईल: भाव उघड बोलला पाहिजे, आणि तो का, हेही दिसले पाहिजे. रुमाल दूर झाला म्हणजे भाव आपोआप रास्त होतो असे नाही. पण रुमालाखाली तो रास्त आहे की नाही हे कळायचीच सोय नसते.

आता बैलाकडून घोड्याकडे येऊ. घोडा ही त्या काळची वेगवान आणि महागडी वस्तू. दिल्लीचा सुलतान अल्लाउद्दीन खिलजी, ज्याने देवगिरीवर स्वारी केली तोच, त्याने आपल्या राज्यात घोड्यांचे भाव बांधून दिले होते. इतिहासकार बरनीने ते नोंदवून ठेवले आहेत. पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीचा ६५ ते ७०. भाव फुगवणाऱ्या घोडे-दलालांना त्याने बाजारातून हाकलून दूरच्या किल्ल्यांवर कैदेत टाकले. शिवाय एक विशेष गोष्ट केली: लष्करातल्या घोड्यांना डाग देण्याची, म्हणजे तापल्या लोखंडाने खूण करण्याची पद्धत पाडली. हजेरीच्या वेळी चांगला घोडा दाखवायचा आणि एरवी त्या जागी मरतुकडे तट्टू ठेवायचे, ही लबाडी त्यामुळे पकडता येऊ लागली. पुढे अकबरानेही १५७० नंतरच्या दशकात हीच डागाची पद्धत आपल्या फौजेत कडकपणे चालू केली.

हा डाग नीट ध्यानात ठेवा. मोटारीच्या सांगाड्यावर ठोकलेला चासी-क्रमांक आणि इंजिनावरचा इंजिन-क्रमांक म्हणजे तोच डाग होय. घोडा तोच आहे ना? गाडी तीच आहे ना? सहाशे-सातशे वर्षांत प्रश्न बदललेला नाही. २०२० च्या डिसेंबरात मुंबईत एका देशी बनावटीच्या स्पोर्ट कारबाबत असा आरोप झाला, की एकच इंजिन-क्रमांक आणि चासी-क्रमांक दोन गाड्यांना लावला आहे. त्यावरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि गाडी ताब्यात घेतली. ऐट केवढीही असो, पारख डागापासूनच सुरू होते.

मोटारीचा उद्योग आपल्याकडे रुजवणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद हे प्रमुख नाव. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० ही मोटार घरोघर माहीत झाली. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आपल्या ओळखीची. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून उतरली.

त्या काळातली गंमत अशी, की नव्या मोटारीपेक्षा जुनी मोटार महाग पडे. कारखान्यांना किती गाड्या करायच्या याची परवानगी लागे. मागणी मोठी, गाड्या थोड्या. नाव नोंदवून माणूस वर्षानुवर्षे वाट पाही. ज्याच्या हातात गाडी आली, त्याला ती दुसऱ्याच दिवशी नफ्याने विकण्याचा मोह होई. म्हणून सरकारने १९५९ साली मोटारींच्या वाटप-विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. नवी गाडी घेणाऱ्याला ती दोन वर्षांच्या आत विनापरवानगी विकण्यास मनाई होती. नव्या गाडीचा रास्त भाव किती, हा वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनी आणि केंद्र सरकार यांच्यातल्या त्या खटल्याचा निकाल १९७१ च्या नोव्हेंबरात लागला. कारखान्यातून सरळ बाहेर पडणाऱ्या, एकीसारख्या एक अशा गाडीचा भाव ठरवायला जिथे आयोग आणि न्यायालय बसले, तिथे दर मालकाने वेगळी केलेल्या गाडीचे काय होणार, हे तुम्हीच ताडा.

याच टंचाईच्या काळात आपल्याकडचा मिस्त्री तयार झाला. सुटा भाग मिळत नाही, मग लेथवर करून घ्या. एका गाडीचा भाग दुसरीला बसवा. हौशी मंडळींनी याच कसबावर फियाट आणि हेरल्ड गाड्यांची इंजिने घासून-पुसून जोरकस केली आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळवली. म्हणजे गाडीत फेरफार करणे हे काही आजच्या पोरांचे खूळ नव्हे. त्यामागे गरज होती, बुद्धी होती, आणि हाताला कौशल्य होते. कोल्हापूरच्या छत्रपतींची खास घडवून घेतलेली मेबॅक मोटार दसऱ्याला पाहायला लोक गर्दी करतात. तीही एका अर्थी मालकाच्या आवडीने वेगळी केलेली गाडीच. मग तिचे मोल का वाढले? कारण ती कोणी, कोणासाठी, कशी घडवली हे सर्वांना माहीत आहे. माहिती असलेला बदल मोल वाढवतो. झाकलेला बदल ते कमी करतो.

आता पुन्हा आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर येऊ. डोंबिवलीजवळ याच रस्त्यावर प्रीमियरचा मोठा कारखाना होता. १९९४ च्या सुमारास फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या भागीदारीत ३०९ नावाची मोटार इथे होऊ लागली. गाडी आरामशीर म्हणून वाखाणली गेली. पण काही वर्षांतच भागीदारी मोडली आणि उत्पादन थांबले. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या, त्यांना सुटे भाग मिळवण्यासाठी वणवण करावी लागली. गाडी कालची तीच, इंजिन तेच. पण भाव तो राहिला नाही. उलट पद्मिनीचे भाग गल्लोगल्ली मिळत, तिचा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर असे. यावरून शिकायचे ते हे, की गाडीच्या किमतीत तिच्यामागे उभा असलेला मिस्त्री आणि त्याच्या फळीवरचा सुटा भागही धरलेला असतो. परदेशातून एकदाच मागवलेला टर्बो बिघडला आणि त्याचा जोड इथे कोणाजवळ नसला, तर तो टर्बो किमतीत मिळवायचा की वजा करायचा?

१९८३ च्या अखेरीस मारुती आली. १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरची परवान्याची अट गेली. गाड्या मुबलक झाल्या, आणि जुनी गाडी पुन्हा आपल्या जागी आली, म्हणजे दर वर्षी स्वस्त होऊ लागली. विमा कंपन्यांचे घसाऱ्याचे कोष्टक पाहा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट. कारखान्याने न दिलेली, मालकाने मागाहून बसवलेली साधने विम्यात वेगळी सांगावी लागतात. न सांगता बसवली, तर अपघातानंतर भरपाई अडण्याचा धोका असतो.

कायद्यानेही या काळात वळण घेतले. मोटार कायदे १९१४ चा, १९३९ चा आणि १९८८ चा. शेवटच्या कायद्याचे ५२ वे कलम २००० साली बदलले. कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाला विसंगत असा फेरफार मालकाने करू नये, असे ते सांगते. मान्यताप्राप्त गॅस-किट किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेली सोय यांना वाट आहे. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफाराबद्दल पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा सांगितली. म्हणजे विकत घेणारा नुसती गाडी घेत नाही. नोंद नसलेला फेरफार असेल, तर पुढची कटकटही घेतो.

इतका इतिहास पाहिल्यावर आपल्या तरुणाला काय सांगावे? तीन प्रश्न विचार, असे सांगावे.

पहिला प्रश्न डागाचा. चासी आणि इंजिन यांवरचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी आणि परिवहन खात्याच्या नोंदीशी जुळतात का? आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले दिसतात का? गाडीवर कर्जाचा बोजा आहे का? इथे शंका आली, तर भावाची गोष्टच काढू नये.

दुसरा प्रश्न दाताचा आणि खांद्याचा. टर्बो म्हणजे काय? धुराच्या जोराने पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची. जादा हवेबरोबर जादा इंधन, जादा ताकद, आणि त्याबरोबर जादा उष्णता व दाब. मूळ पिस्टन, गॅस्केट, क्लच आणि गिअर हे त्या दाबासाठी केलेले असतीलच असे नाही. ताकद वाढवली, पण ब्रेक जुनेच ठेवले, तर ते वासराला जोडलेले मोठे जू होय. गाडी स्प्रिंगा कापून खाली बसवली असेल, तर आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी आणि गतिरोधकांनी तिचे पोट घासले असणार. तेव्हा गाडी चढवून खालून पाहावी, आणि आपल्या भरवशाच्या मिस्त्रीकडून सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. या कामाचे त्याला पैसे द्यावेत. फुकटचा सल्ला पुष्कळदा महाग पडतो.

तिसरा प्रश्न कामाचा. ही गाडी कोणत्या कामाला हवी? शर्यतीचा बैल नांगराच्या बैलापेक्षा कितीतरी महाग. बैलगाडा शर्यतींना २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम केल्यावर तर त्याला पुन्हा मान आला. पण नांगराला बैल हवा असलेल्याने शर्यतीच्या बैलाची किंमत का द्यावी? तसेच इथे. बंदिस्त शर्यतीच्या मैदानावर पळवणारा गिऱ्हाईक जोरकस इंजिनाला जादा पैसे देईल. रोज डोंबिवलीहून महाप्याला कामावर जाणाऱ्याला ते इंजिन म्हणजे जादा पेट्रोल आणि जादा दुरुस्ती.

आता हिशेब. शिक्षकबंधूंना हे उदाहरण फळ्यावर मांडता येईल. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. त्याच जातीची, त्याच सालाची, तेवढीच धावलेली पण न बदललेली गाडी बाजारात ६,००,००० रुपयांना मिळते असे धरू. मालकाने ३,५०,००० घातले, म्हणून तो ९,५०,००० मागतो. आपण त्याच्या खर्चापासून सुरुवात करायची नाही. न बदललेल्या गाडीपासून करायची. चाके आणि आसने चांगली आहेत, काढून विकली तर जुन्या बाजारात ६०,००० जादा येतील, ते मिळवा. कर्णकर्कश सायलेन्सर आणि बेकायदा दिवे बदलून मूळचे भाग विकत आणून बसवायला ४०,००० लागतील. ते वजा करा. ओढाताण झालेल्या क्लच-इंजिनाच्या दुरुस्तीसाठी ७५,००० राखून ठेवा, तेही वजा. उरले ५,४५,०००. मालकाने मूळचे भाग गोणीत बांधून जपून ठेवले असतील, तर ४०,००० च्या जागी फक्त मजुरीचे ८,००० वजा होतील आणि भाव ५,७७,००० वर जाईल. अडगळीतली ती गोणी मालकाला बत्तीस हजार मिळवून देते.

मालकाला हा हिशेब कठोर वाटेल. त्याने पैसे घातले आहेत हे खोटे नाही. पण त्या पैशांचा आनंद त्याने स्वतः घेतला. लग्नात फेट्यावर झालेला खर्च कोणी पुढच्याकडून मागत नाही. मात्र न्याय दोन्ही बाजूंनी हवा. ज्या मालकाने प्रत्येक कामाची पावती ठेवली, कोणत्या मिस्त्रीने काय केले हे लिहून ठेवले, मान्यतेने केलेल्या बदलाची नोंद पुस्तकात करून घेतली, त्याला घेणाऱ्याने दोन पैसे जादा द्यावेत. तो केवळ गाडी विकत नाही, तर तिची खात्रीही देतो. आणि ज्या मिस्त्रीने ते काम चोख केले, त्याच्या हाताचीही ती किंमत आहे.

विकणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट. गाडी दिली, पैसे घेतले, म्हणजे सुटलो असे समजू नये. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे, तोच मालक. हस्तांतराची नोंद होण्याआधी अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. जोरकस केलेली गाडी अननुभवी पोराच्या हाती गेली आणि कागद आपल्याच नावावर राहिले, तर काय प्रसंग ओढवेल याचा विचार करावा. म्हणून नमुना २९ आणि ३० भरून, परिवहन कार्यालयात नाव बदलून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे म्हणू नये. आधीचे कर्ज फिटले असेल, तर नमुना ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा.

श्रोतेहो, बैलाचे दात, घोड्याचा डाग, बाजारसमितीतला उघडा लिलाव आणि मोटारीचे नोंदणीपुस्तक, या चारही गोष्टी एकाच गरजेतून आल्या. झाकलेले उघड करायचे आणि मग भाव बोलायचा. नोंद न ठेवता केलेला फेरफार गाडीला पुन्हा त्या जुन्या रुमालाखाली नेतो. जो भाव दोघांना चारचौघांत मोठ्याने सांगता येतो, आणि तो असा का, हे आकड्यांनी दाखवता येते, तोच रास्त भाव. मग वस्तू म्हशाच्या जत्रेतला बैल असो, की शीळफाट्यावर उभी असलेली लाल मोटार.